चेपलेल्या पेटीचा धडा



आपल्यापैकी अनेकजण आमच्या वसतिगृहासाठी वस्तू पाठवता. कपडे येतात, वह्या येतात, ताटे-वाट्या येतात. यंदा मे महिन्यात नाशिकहून एक जुना संगणक आला. तो घरच्या लोकांनी जपून वापरलेला होता आणि प्रेमाने पाठवलेला होता. पण त्र्यंबकेश्वर, मोखाडा आणि मग जव्हार अशा घाटवळणांच्या रस्त्याने तो जीपच्या टपावर आला. त्याच्यावर कोणाची तरी तांदळाची गोणी होती. आमच्या दारात उतरला तेव्हा मॉनिटर शाबूत होता. कॅबिनेट मात्र एका बाजूने चेपलेले, पुढचे प्लॅस्टिक फुटलेले आणि उभे केले तर डुगडुगणारे. हलवून पाहिले तर आत काहीतरी खुळखुळत होते.

त्या कॅबिनेटच्या दुरुस्तीत मी जे शिकलो ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. आपल्या घरी, शाळेत किंवा मंडळीच्या कार्यालयात असा चेपलेला संगणक असेल तर त्याचा उपयोग होईल. पण या दुरुस्तीत माझ्याकडून एक मोठी चूकही झाली. तीही सांगणार आहे, कारण खरा धडा तिच्यातच आहे.

आमच्याकडे 'किरकोळ दुरुस्ती' या सदरात तिमाहीला 600 रुपये असतात. त्यातून नळाची चावी, दाराची कडी, दिव्याची बटणे असे सगळे भागवायचे. गावातल्या दुकानदाराने नवे साधे कॅबिनेट 1800 रुपयांना सांगितले. अधीक्षिका बाई म्हणाल्या, "सर, 1800 म्हणजे मुलांचा किती दिवसांचा भाजीपाला, ते तुम्हीच मोजा." मी मोजले आणि गप्प बसलो. दुसरीकडे, दहावी होऊन अकरावीला गेलेली मुले शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी थांबली होती. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा तर प्रत्येकाला बाजारातल्या दुकानात जाऊन पैसे मोजावे लागत, आणि वीज किंवा नेट गेले की दिवस वाया जाई. संगणक तर हवाच होता. तेव्हा दुरुस्ती करायची ठरली.

1. पेटी कशासाठी असते?

पैसे थोडे असतील तर पहिले काम पक्कड हातात घेण्याचे नाही, विचार करण्याचे आहे. कॅबिनेट म्हणजे नुसते दिसण्यासाठी घातलेले झाकण नव्हे. त्याची चार कामे असतात.

पहिले, आतल्या वस्तूंना जागच्या जागी ताठ धरून ठेवणे. मदरबोर्ड वाकता कामा नये आणि हार्ड डिस्क हादरता कामा नये.

दुसरे, वाऱ्याला वाट देणे. बहुतेक कॅबिनेटमध्ये पुढून थंड हवा आत येते आणि मागच्या पंख्यातून गरम हवा बाहेर जाते.

तिसरे, नको ते बाहेर ठेवणे. आमच्याकडे नको ते म्हणजे धूळ, उंदीर, पाली आणि पावसाळ्यातली ओल.

चौथे, विजेच्या दृष्टीने सुरक्षित राहणे. पत्र्याची पेटी जमिनीशी, म्हणजे अर्थिंगच्या तारेशी जोडलेली असते. आत एखादी तार सुटून पत्र्याला लागलीच तर वीज माणसातून न जाता त्या तारेतून जमिनीत जावी, यासाठी ही सोय आहे.

आता चेपलेल्या पेटीकडे पाहा. कोणता पोचा या चारपैकी कोणत्या कामाच्या आड येतो? जो आड येत नाही तो तसाच राहू द्या. आमच्या पेटीच्या वरच्या पत्र्याला बशीएवढा पोचा होता. तो दिसायला वाईट होता, पण कोणाच्या आड येत नव्हता. तो अजून तसाच आहे. मुलांनी त्यात खोडरबर ठेवायला सुरुवात केली आहे.

मी चार कामांची यादी वहीत लिहिली आणि पहिल्या तिन्हींसमोर काय काय बिघडले ते टिपले. चौथ्या कामासमोर लिहिले, "ठीक." ते मी तपासून लिहिले नव्हते. हे लक्षात असू द्या.

2. आधी आतले बाहेर काढा

चेपलेला संगणक आला की "चालतो का बघू" म्हणून लगेच बटण दाबण्याचा मोह होतो. तसे करू नका. आत सुटलेला एक स्क्रू मदरबोर्डखाली अडकला असेल तर बटण दाबताच बोर्ड जळू शकतो. आमच्या पेटीतून दोन स्क्रू आणि एक पितळी खुंटी निघाली. तेच खुळखुळत होते.

वायर पूर्ण काढून ठेवा. मग बाजूचे झाकण उघडा आणि काही काढण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही. आतल्या कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कोरड्या हवेत याची गरज अधिक.

मग हार्ड डिस्क, मदरबोर्ड आणि शेवटी एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा, बाहेर काढा. स्क्रू एकाच वाटीत टाकू नका. ते दिसायला सारखे असले तरी त्यांचे आटे निरनिराळे असतात. एसएमपीएस आणि मोठ्या हार्ड डिस्कला जाड आट्याचे स्क्रू लागतात, सीडी ड्राइव्ह आणि छोट्या डिस्कला बारीक आट्याचे. चुकीचा स्क्रू जोराने पिळला की भोकाचे आटे जातात आणि मग काम वाढते. आम्ही अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये प्रत्येक खळगीत एका जागेचे स्क्रू ठेवले आणि पेन्सिलने नावे लिहिली.

एसएमपीएसचा डबा चेपला असेल तर तो उघडून सरळ करायला जाऊ नका. 230 व्होल्टची वीज त्यात एकमार्गी होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते आणि वायर काढल्यावरही ती काही काळ आत राहू शकते. हा भाग चेपला असेल तर बदलावा. इथे काटकसर नाही. आमचा सुदैवाने शाबूत होता.

यानंतर मदरबोर्ड लाकडी टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवला, एसएमपीएस जोडला, पेटीच्या बटणाची वायर काढून बोर्डाला लावली आणि संगणक पेटीविना सुरू करून पाहिला. आतली माणसे जिवंत आहेत की नाही हे कळल्याशिवाय घर बांधायला काढू नये. पडद्यावर अक्षरे उमटली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या वेळी पायात रबरी चपला घातल्या होत्या. तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही.

3. चौकट सरळ करणे

आता रिकामी पेटी अंगणात नेली. हातोडी कधीही सरळ पत्र्यावर मारू नये. पत्रा ताणला जातो आणि फुगवटा येतो. बाहेरून सपाट लाकडी फळी टेकवावी, आतून लाकडी ठोकळा धरावा आणि ठोकळ्यावर हलके ठोके द्यावेत. सुरुवात पोच्याच्या कडेपासून करून मध्याकडे यावे. गावातल्या सुताराने आपली मोगरी दोन तासांसाठी दिली. त्याने पैसे घेतले नाहीत, पण मोगरीला लागलेला रंग मात्र मला घासून काढायला लावला.

बाहेरून पत्रा सरळ दिसला म्हणजे चौकट सरळ झाली असे नाही. आमचे झाकण बसेना आणि मदरबोर्डाच्या सहा भोकांपैकी चारच खुंट्यांवर येत होती. जोर लावून उरलेले दोन स्क्रू बसवले असते तर बोर्ड वाकला असता आणि आज ना उद्या तडकला असता. इथे नववीतला एक मुलगा पुढे झाला. त्याने सुतळी घेतली आणि पेटीच्या बाजूचे दोन्ही कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब भरला. "सर, समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तरच आयत. हा आपला समांतरभुज चौकोन झालाय."

भूमितीचा तो धडा मीच त्याला शिकवला होता. पण पेटी हातात असताना तो मला आठवला नाही, त्याला आठवला. मग लांब कर्णाच्या दोन टोकांना दोघांनी धरून हळूहळू दाबले, पुन्हा सुतळी लावली, पुन्हा दाबले. सहाव्या वेळी सुतळी दोन्हीकडे सारखी आली. सुताराचा गुण्या कोपऱ्यात लावून खात्री केली. सहाही भोके खुंट्यांवर आली.

जिथे रंग उडून गंज धरला होता तिथे पॉलिश पेपरने घासून, कोरड्या फडक्याने पुसून रेड ऑक्साइडचा एक हात दिला. दोन जागा मात्र मुद्दाम रंगाविना ठेवल्या. एक, स्क्रूच्या भोकांभोवती. दुसरी, एसएमपीएस जिथे पत्र्याला टेकतो ती. पेटीचा विजेचा जोड याच उघड्या धातूतून होतो. रंग मध्ये आला की जोड कच्चा होतो. घासलेल्या लोखंडाचा चुरा पेटीत राहू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून तो सगळीकडून फिरवला. पिशवी उलटी केली की चुरा वेगळा होतो. चुऱ्याचा एक कणही मदरबोर्डवर चालत नाही, म्हणून घासणे आणि भोक पाडणे नेहमी रिकाम्या पेटीवर आणि घराबाहेर.

4. प्लॅस्टिक, बटण आणि मागची भोके

पुढच्या प्लॅस्टिकचे तीन तुकडे झाले होते. नुसत्या चिकटवणीने असा सांधा टिकत नाही; बटण दाबले की उघडतो. आम्ही फाटलेल्या ताडपत्रीला घालतात तसे टाके घातले. तापवलेल्या दाभणाने भेगेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने भोके पाडली. हे उघड्यावर करावे, कारण प्लॅस्टिकचा धूर वाईट. त्या भोकांतून केबल टाय ओवून आवळले आणि आतल्या बाजूने एम-सील थापले. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळावे, जागा आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी आणि रात्रभर हलवू नये. एक तुकडा मात्र प्रवासातच हरवला होता. तिथे खालच्या कोपऱ्यात चार बोटे पत्र्याची कड उघडी राहिली. मी ती घासून बोथट केली आणि पुढे गेलो.

चालू करण्याचे बटण मोडले होते. यावर एक अजिबात पैसे न लागणारा उपाय आहे. अनेक कॅबिनेटना शेजारी रीसेटचे छोटे बटण असते. दोन्ही बटणे आतून एकाच जातीची: दाबेपर्यंत जोड, सोडले की तोड. रीसेट बटणाची दोन तारांची पिन काढून मदरबोर्डवर पॉवर बटणाच्या जागी लावली की झाले. रीसेट बटण नसेल तर दाराच्या बेलचे साधे दाबाचे बटणही चालते. दिव्याचे खटक्याचे बटण मात्र चालत नाही, कारण ते दाबलेले राहते.

मागच्या बाजूला तीन पट्ट्या नव्हत्या. अशा उघड्या भोकांतून पाल आत जाते आणि उबेला बसते. तिथे जुन्या पत्र्याच्या डब्यातून पट्ट्या कापून, कडा दुमडून स्क्रूने बसवल्या. बोर्डाजवळ कागदी किंवा चमकीचा कागद चिकटवू नये. सुटला की आत पडतो. पुढच्या हवेच्या वाटेवर खिडकीच्या डासांच्या जाळीचा उरलेला तुकडा लावला. खालचे रबरी पाय गेले होते, तिथे जुन्या हवाई चपलेचे चार चौकोन बसले. पेटी डुगडुगायची थांबली.

जूनच्या पहिल्या पावसात संगणक सुरू झाला. खोलीतल्या भिंतीवर जुनी दोन भोकांची सॉकेट होती आणि संगणकाची पिन तीन पायांची. मी बाजारातून तीन पायांच्या पिनेला दोन पायांची करणारा छोटा कन्व्हर्टर आणला, 15 रुपयांना. त्या रात्री नाशिकच्या मंडळीला मी आनंदाने पत्र लिहिले: "आपला संगणक सुखरूप चालू झाला. एकूण खर्च 235 रुपये."

5. लाकडी पट्टी

जुलैमध्ये एका संध्याकाळी मी सहज खोलीत डोकावलो. अकरावीतली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली होती. तिने संगणक सुरू केला तो बोटाने नाही. कंपासपेटीतली लाकडी पट्टी घेतली आणि तिच्या टोकाने बटण दाबले. पेन ड्राइव्ह लावताना ओढणीचे टोक हाताभोवती गुंडाळले.

मी विचारले, "असं का गं?"

ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, "सर, हात लागला की झिणझिणतं. खालच्या पत्र्याला."

"कधीपासून?"

"पाऊस लागल्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

बराच वेळ ती खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता, देणगीतली वस्तू आहे, जपून वापरा. आम्हाला वाटलं, आमच्या हातून बिघडलं."

आम्हाला. म्हणजे ती एकटी नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले की पाच मुलांना हे ठाऊक होते. सगळ्यांची मिळून एकच पट्टी होती. ती टेबलाच्या खणात ठेवलेली असे आणि एकमेकांना दिली जाई. लहान मुलांना त्यांनी टेबलाजवळ येऊ दिले नव्हते. मुलांनी आपापसात जे करता येईल ते सगळे केले होते. फक्त मोठ्यांना सांगितले नव्हते.

मी पायातल्या चपला काढल्या, ओल्या कोब्यावर उभा राहिलो आणि त्या उघड्या कडेला बोटाची मागची बाजू लावली. मुंग्यांची रांग चढावी तसे हाताला झाले. महिनाभर मी रोज त्या संगणकाला हात लावत होतो, पण चपला घालून. मुले खोलीत अनवाणी येतात. तो नियमही माझाच होता, फरशी स्वच्छ राहावी म्हणून. आणि हे सांगतानाच सांगतो: हात लावून तपासण्याची ही रीत चुकीची आहे. आपण टेस्टर वापरा, आणि शंका आली की मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

6. जमिनीशी जोड

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आला. त्याने टेस्टर पत्र्याला लावला, दिवा लागला. मग त्याने माझा 15 रुपयांचा कन्व्हर्टर उपटून हातावर ठेवला. "साहेब, तिसरा पाय कुठे गेला?"

तीन पायांच्या पिनेत वरचा जाड आणि लांब पाय अर्थिंगचा असतो. तो मुद्दाम लांब ठेवलेला असतो, म्हणजे पिन खोचताना आधी जमिनीशी जोड होतो आणि मग वीज येते. काढताना वीज आधी तुटते आणि जमिनीचा जोड शेवटी. माझ्या कन्व्हर्टरने तो पायच तोडला होता.

मग झिणझिण्या कुठून येत होत्या? वायरमनने समजावले ते असे. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे गडबड गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात आणि ते डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून अगदी थोडी वीज नेहमीच पत्र्यावर येते. अर्थिंगची तार असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते, कोणाला कळतही नाही. तार नसेल तर ती पत्र्यावर वाट पाहत बसते आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले मूल तिची वाट होते. एवढ्या थोड्या विजेने सहसा इजा होत नाही. पण ज्या दिवशी आतली मोठी तार सुटून पत्र्याला लागेल त्या दिवशी फ्यूज उडवायला काहीच नसेल. झिणझिण्या म्हणजे संगणकाचा स्वभाव नव्हे; ती पूर्वसूचना आहे.

नाशिकच्या घरी हाच संगणक वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला, कारण तिथे तिसरी तार होती. शिवाय पुढचे प्लॅस्टिक अखंड असताना हात पत्र्याला लागतच नव्हता. गोणीखाली ते फुटले, कड उघडी पडली आणि आमच्या भिंतीत जे पूर्वीपासून नव्हते ते उघडे झाले. मी पेटी दुरुस्त केली, पण तिचे चौथे काम वहीत "ठीक" लिहून सोडून दिले होते.

दुरुस्तीसाठी आवारात खड्डा घेऊन जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरले, तिथून हिरवी तार खोलीपर्यंत आणली, तीन भोकांची सॉकेट बसवली आणि गळतीची वीज ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी लावला. काम झाल्यावर वायरमनने जोड मोजून दाखवला. उघड्या कडेवर मुलांनी एम-सीलचा पट्टा बसवला. या साऱ्याला 3400 रुपये लागले. यंदाचा भिंतींचा चुना पुढच्या वर्षावर ढकलला आणि ते पैसे इकडे वळवले. अधीक्षिका बाईंनी या वेळी भाजीपाल्याचा हिशेब काढला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "हे आधी करायला हवं होतं."

7. हिशेब

आपण देणारे आहात, म्हणून खर्च जसा झाला तसा मांडतो. स्क्रू आणि पितळी खुंट्या 40 रुपये, एम-सील 60, रेड ऑक्साइड 70, पॉलिश पेपर 20, केबल टाय 30, कन्व्हर्टर 15. एकूण 235. अर्थिंग, सॉकेट आणि आरसीसीबी 3400.

म्हणजे नवी पेटी न घेता आम्ही दीड हजाराहून अधिक वाचवले आणि त्याच्या दुपटीहून अधिक जमिनीत पुरले. यात तोटा झाला असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. पेटीवर वाचवले ते बरोबर होते. वरचा पोचा अजून आहे आणि त्याने कोणाचे काही बिघडलेले नाही. तिसऱ्या तारेवर वाचवले ते चूक होते. या सगळ्या हिशेबात सर्वांत महाग पडू शकली असती ती वस्तू 15 रुपयांची होती.

नाशिकच्या मंडळीला मी दुसरे पत्र लिहिले. पहिल्या पत्रात "सुखरूप" असे लिहिले होते, ते तेव्हा खरे नव्हते, हे कळवले. त्यांनी राग धरला नाही. उलट विचारले की तुमच्या इतर खोल्यांत सॉकेट कशी आहेत. ते काम आता एकेका खोलीने सुरू आहे.

मुलांना जमवून मी आणखी एक गोष्ट सांगितली. देणगीची वस्तू जपायची असते, हे खरे. पण ती तुमच्यासाठी आली आहे, तुम्ही तिच्यासाठी नाही. काही झिणझिणले, जळल्याचा वास आला, ठिणगी दिसली, तर त्याच मिनिटाला सांगायचे. सांगणाऱ्याला कोणी बोलणार नाही. ती लाकडी पट्टी मी मागून घेतली. ती माझ्या टेबलावर असते.

8. पाठवणाऱ्यांसाठी

संगणक पाठवायचा असेल तर एवढे करावे. आत जड कार्ड असेल तर ते काढून वेगळे गुंडाळावे. कॅबिनेट आडवे ठेवावे, मदरबोर्डाची बाजू खाली. आत हलणारे काही राहू देऊ नये. भोवती चारही बाजूंनी जुन्या चादरी किंवा थर्माकोल आणि वर "यावर ओझे ठेवू नये" असे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावे. तीन पायांची मूळ वायर सोबत द्यावी. आणि पाठवण्यापूर्वी जिथे तो जाणार आहे तिथे तिसरी तार आहे का, हे एकदा विचारावे. नसेल तर संगणकाच्या आधी तीच द्यावी.

चर्चेसाठी

1. आपल्या मंडळीच्या इमारतीत किती सॉकेट दोन भोकांची आहेत? पुढच्या रविवारी मोजून पाहा.

2. पेटीच्या चार कामांसारखी आपल्या वापरातल्या एखाद्या वस्तूची कामे लिहा: शिलाई मशीन, पाण्याचा पंप, मिक्सर. त्यातले कोणते काम आपण न तपासताच "ठीक" मानतो?

3. आपण दिलेल्या वस्तूबद्दल घेणाऱ्याला मोकळेपणाने तक्रार करता येते का? येत नसेल तर आपल्या बोलण्यातले काय बदलावे लागेल?

4. काटकसर केली आणि पुढे ती महागात पडली, असा आपला एक अनुभव गटात सांगा. तेव्हा आपल्याला वेळीच कोण सांगू शकले असते?

ता. क. लेख छपाईला देईपर्यंत अकरावीच्या सर्व मुलांचे अर्ज भरून झाले आहेत. ते याच संगणकावर भरले, आणि प्रत्येकाने बटण बोटाने दाबले.